भोळी राहू नकोस गं

तुझ्याशी जरा मोकळेपणानं बोलायचंय. बरेच दिवस मनात घोळतंय, आणि आईनं सांगितलं तर तुला ते उपदेश वाटेल, म्हणून मीच बोलते.

आपल्या मंडळीत मुलींना प्रार्थना शिकवतात, गाणी शिकवतात, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून घेतात. पण निर्णय कसा घ्यायचा, हे समोर बसवून कुणी शिकवत नाही. मग कितीतरी चांगल्या मनाच्या मुली भोळेपणालाच विश्वास समजून बसतात. कुणी मागितलं की द्यायचं, कुणी सांगितलं की मानायचं, आणि पुढचं प्रभू बघून घेईल म्हणून डोळे मिटायचे. याची झळ शेवटी त्यांनाच बसते, आणि मग राग निघतो तो देवावर. मला हे बघवत नाही. येशूनं शिष्यांना गावोगाव पाठवलं तेव्हा कबुतरासारखं निरागस राहायला सांगितलं, ते आपल्याला तोंडपाठ असतं. त्याच दमात त्यानं सापासारखं चतुर राहायलाही सांगितलं होतं. ते अर्धं आपण सोडून देतो.

आधी पैशाचं बोलते, कारण तिथं भीड सगळ्यात जास्त पडते. समज, रविवारी उपासना सुटली, आवारात सगळ्या बोलत उभ्या आहेत, आणि ओळखीतली एक बाई तुला बाजूला घेते. नवऱ्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढायचंय, जामीनदार हवाय. “नुसती सही गं, फॉर्मॅलिटी आहे. तुझी पक्की नोकरी आहे म्हणून तुला विचारलं.” हातात फॉर्म. शेवटच्या पानावर ‘जामीनदाराची माहिती’ असा रकाना, त्यात फोटोची चौकट, खाली पॅन, आधार, पगाराचा तपशील. सोबत तीन महिन्यांची पगारपत्रकं लागतात. कधी कधी रकमेची जागा मोकळी ठेवून सही केलेला चेकही मागतात. आणि सगळ्यात खाली, अगदी बारीक अक्षरात, एक लांबलचक परिच्छेद. तो कुणी वाचत नाही.

त्या परिच्छेदात काय असतं ते सांगते. कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच तुझी. आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा आहे, आणि त्याच्या १२८ व्या कलमात हेच आहे: करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे आधी त्यांच्या मागे लागतील आणि ते नाहीच जमलं तर मग तुझ्याकडे येतील, असा क्रम नसतो. हप्ते थकले की पहिली नोटीस तुझ्याही दारात येऊ शकते. पगारदारांच्या पतसंस्थेत तर बहुधा तुझ्या पगारातून रक्कम कापायची संमती तूच लिहून दिलेली असते. शिवाय कर्ज बँकेचं असेल तर ते तुझ्या सिबिलमध्येही दिसतं. उद्या तुला स्वतःच्या घरासाठी कर्ज घ्यायचं झालं, की बँकेचा माणूस ते काढून तुझ्यासमोर ठेवतो.

बायबल या बाबतीत इतकं स्पष्ट बोलतं, की आपण ते उपदेशातून ऐकत का नाही याचं मला नवल वाटतं. नीतिसूत्रांत जामीन राहण्याचा विषय पुन्हा पुन्हा येतो: सहाव्या अध्यायात, अकराव्यात, सतराव्यात, बाविसाव्यात. सहाव्या अध्यायात तर म्हटलंय की असा शब्द देऊन बसला असशील तर आज रात्री झोपू नकोस, जा, त्या माणसाच्या हातापाया पड आणि सुटका करून घे, पारध्याच्या हातून हरणी सुटते तशी. बाविसाव्या अध्यायात विचारलंय, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं त्यांनी? हे लिहिणाऱ्याला घरातल्या चीजवस्तूंवर जप्ती आलेली माहीत असणार.

पण एवढ्यावरून ‘ख्रिस्ती माणसानं जामीन राहायचंच नाही’ असा नियम करून मोकळी होऊ नकोस. पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं छोटंसं पत्र काढून बघ. पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला तो मालकाकडे परत पाठवतो, आणि लिहितो की याचं तुझं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. वर स्वतःच्या हातानं लिहितोय असंही सांगतो. म्हणजे जामीनच राहिला की! फरक काय? पौलाला तो माणूस जवळून माहीत होता. पौल तुरुंगात असताना अनेसिम त्याच्याजवळ राहिला होता. आणि फेडायची वेळ आली तर खिशातून द्यायची पौलाची खरोखर तयारी होती. ‘नुसती सही’ म्हणून त्यानं ते लिहिलं नाही.

म्हणून माझं सांगणं असं: जेवढी रक्कम तू हसत दान करू शकतेस तेवढ्याच रकमेला जामीन राहा. सही करताना समजायचं की हे पैसे मी आत्ताच दिले. तसं समजून पोटात गोळा येत असेल तर सही करायची नाही. मग त्या बाईला काय सांगायचं? सरळ सांग, “ताई, मी जामीन राहणार नाही. पण मुलांच्या फीसाठी एवढे देते, आणि ते परत नकोत.” मदत झाली आणि नातंही टिकलं. जामीनकीत माणसं पैसे गमावतात आणि वर एकमेकांची तोंडंही बघत नाहीत. मग मंडळीत दोन बाकं ठरून जातात, इकडचं आणि तिकडचं. भीड भिकेची बहीण असं आपल्या आजीच्या पिढीच्या बायका म्हणत, ते काय उगाच?

आता दुसरं. “प्रभूनं मला दाखवलं” असं म्हणत कुणी तुझ्या आयुष्यात निर्णय घेऊन आलं तर काय करायचं? प्रार्थनासभेत कुणीतरी डोक्यावर हात ठेवून म्हणतं, हे स्थळ प्रभूकडून आहे. किंवा म्हणतं, ही नोकरी सोड. तू घाबरतेस, कारण नाही म्हटलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं होईल. अगं, नहेम्याकडे बघ. यरुशलेमच्या तटाचं काम चाललंय, शत्रू टपलेत, आणि शमाया नावाचा माणूस त्याला सांगतो की तुला मारायला येताहेत, चल, मंदिरात जाऊन दारं लावून घेऊ. बोलणं संदेष्ट्याचं, काळजी मित्राची. नहेम्यानं विचार केला की माझ्यासारख्यानं पळून लपायचं? आणि मंदिराच्या आत जाण्याचा मला अधिकार तरी काय? तो गेला नाही. पुढे कळलं की विरोधकांनी शमायाला पैसे चारले होते, त्याला घाबरवून पाप करायला लावायचं आणि मग नाव खराब करायचं म्हणून.

त्यातलं तू दोन गोष्टींकडे लक्ष दे. सल्ला पाळला तर माझ्या हातून काही चुकीचं घडणार आहे का? आणि हा सल्ला मला भीतीनं ढकलतोय का? उत्तर हो आलं तर थांब. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला संदेश तुच्छ मानू नका म्हणून सांगितलं, आणि लगेच सगळं पारखून घ्यायलाही सांगितलं. पारखणं म्हणजे अविश्वास असता तर त्यानं ते सांगितलंच नसतं. “मी यावर प्रार्थना करते आणि घरच्यांशी बोलते” असं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. एवढ्यावर जो चिडतो त्याच्या सल्ल्यात देवापेक्षा त्याचाच आग्रह जास्त आहे असं समज. आणि विचारायला जाशील तेव्हा अशा माणसाकडे जा ज्याला तुझ्या होकारातून काही मिळणार नाही, आणि ज्याला तुझ्या तोंडावर नाही म्हणता येतं. बरोबरीच्या मैत्रिणी बहुतेक वेळा आपल्याला ऐकायचं असतं तेच सांगतात. रहबाम राजानं म्हाताऱ्यांचा सल्ला बाजूला सारून बरोबरीच्यांचा ऐकला, आणि राज्याचे दोन तुकडे झाले.

नहेम्याबद्दल आणखी एक, कारण मला तो फार आवडतो. यरुशलेमची बातमी कळल्यावर तो रडला, उपास केले, प्रार्थना केली. किस्लेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे जवळपास चार महिने. पण त्या चार महिन्यांत त्याचं डोकंही चालू होतं. तो ज्याच्या चाकरीत होता त्या राजानं जेव्हा विचारलं की तुला काय हवंय, तेव्हा त्यानं मनातल्या मनात प्रार्थना केली आणि घडाघडा यादीच सांगितली: किती दिवस लागतील, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, राजाच्या वनाच्या रखवालदाराला लाकडासाठी पत्र हवं. यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस गप्प राहिला. मग रात्री थोड्या माणसांना घेऊन तट कुठे कुठे पडलाय ते स्वतः फिरून बघितलं, आणि तोपर्यंत कुणाला काही बोलला नाही. पुढे हल्ल्याची धमकी आली तेव्हा त्यानं प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. आपल्याला यातलं एकच करायची सवय आहे.

इथं मला जरा कडक बोलायचंय. आपल्यातल्या एखादीला नवरा मारत असेल, आणि ती तुझ्याकडे रडत आली, तर तिला “क्षमा कर, प्रार्थना कर, घरी जा” असं सांगून परत पाठवू नकोस. कुणीही सांगितलं तरी नको. येशूवर दगड उचलले तेव्हा तो तिथून निघून गेला. दिमिष्कात पौलाला मारायला टपले होते तेव्हा शिष्यांनी त्याला रात्री टोपलीत बसवून तटावरून खाली सोडलं. फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानंच विचारलं की रोमन नागरिकाला चौकशीशिवाय मारता येतं का, आणि पुढे थेट कैसराकडे दाद मागितली. जीव वाचवणं आणि कायद्याचा आधार घेणं प्रेषितानं कमीपणाचं मानलं नाही, तर आपण कोण? आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा आहे, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तिच्यासोबत बस, फोन लावून दे, तिची आणि मुलांची कागदपत्रं एका पिशवीत भरून तुझ्या कपाटात ठेव. क्षमेचं ती सुरक्षित झाल्यावर स्वतः बघेल, त्याची घाई तुला नको.

आता बोलण्याचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं, आणि यासाठी अबीगईलची गोष्ट पुन्हा एकदा सावकाश वाच. १ शमुवेलचा पंचविसावा अध्याय. आपण ती लहानपणी ऐकलेली असते ‘शहाणी बायको, मूर्ख नवरा’ एवढीच. तिचा नवरा नाबाल, त्याच्याकडे तीन हजार मेंढरं, हजार बकऱ्या. कातरणीचे दिवस, घरात भरभराट. दावीदानं दहा तरुण पाठवून थोडं खायला मागितलं, आणि यानं त्यांचा पाणउतारा करून पाठवणी केली. दावीद चारशे माणसं तलवारींसह घेऊन निघाला.

अबीगईलला हे सांगतं कोण? एक गडी. तो येऊन म्हणतो की मालकाशी तर बोलायचीच सोय नाही. तू जरा इथं थांब. नाबालाशी कुणाला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याला कधी काही कळत नव्हतं. आणि ही अशी बाई होती की घरातल्या गड्यालासुद्धा तिच्याकडे येऊन वाईट बातमी सांगायची भीती वाटली नाही. तिचं शहाणपण इथून सुरू होतं. ऑफिसात तुझ्या हाताखालची मुलगी, घरात कामाला येणाऱ्या मावशी, तुझी सासू, यांना तुझ्याकडे येऊन ‘हे चुकतंय’ असं म्हणता येतं का? येत नसेल तर तू कितीही हुशार अस, तुला कळणारच उशिरा.

मग ती काय करते बघ. नवऱ्याशी वाद घालत बसत नाही, तेवढा वेळच नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं मांस, भाजलेलं धान्य, मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा. हे सगळं गाढवांवर लादून पुढे पाठवते आणि स्वतः मागून जाते. भुकेल्या, रागावलेल्या माणसांसमोर आधी जेवण पोचतं, शब्द नंतर. दावीदासमोर ती नवऱ्याची बाजू लावून धरत नाही, आणि दावीदालाही चूक म्हणत नाही. ती त्याला पुढचं दाखवते: उद्या तू राजा होशील तेव्हा विनाकारण सांडलेलं हे रक्त तुझ्या मनाला टोचत राहू नये. रागातल्या माणसाला त्याचाच उद्याचा दिवस दाखवायचा, याहून शहाणं बोलणं मला बायबलात दुसरं फारसं आठवत नाही.

आणि ती घरी येते तेव्हा? नाबाल राजासारखी मेजवानी झोडून दारूनं तर्र झालाय. अख्खं घर मरता मरता वाचलंय, हिच्या पोटात सगळं दाटून आलं असणार. तरी सकाळ होईपर्यंत ती अवाक्षर काढत नाही. दारू उतरल्यावर सांगते. धावत सुटलेली बाई त्याच रात्री गप्प बसू शकते. कधी पळायचं आणि कधी थांबायचं हे तिला एकाच दिवसात दोन्ही कळलं.

तुझ्या घरी हे रोजचंच आहे. नवरा कामावरून दमून आलाय, चप्पलही काढलेली नाही, आणि आपण दारातच सासूबाईंचं गाऱ्हाणं सुरू करतो. गाऱ्हाणं खरं असतं, वेळ खोटी असते. रात्री अकराला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टोचून लिहिलं की अंगठा आपोआप शिवशिवतो. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि झोप. सकाळीही तेवढंच लिहावंसं वाटलं तर लिही. बहुतेक वेळा सकाळी त्यातली दोन वाक्यं उरतात, आणि तीच मुद्द्याची असतात. पण हे लक्षात ठेव, अबीगईल सकाळी बोलली. गप्प बसून गिळून टाकणं हा शहाणपणा नाही. ते साचत राहतं आणि भलत्याच दिवशी, भलत्याच माणसावर फुटतं.

पुढचा विचार करण्याबद्दल थोडंसं. पंडिता रमाबाईंची प्रार्थना, त्यांचा विश्वास हे सगळे सांगतात. त्यांचा व्यवहार फार कमी लोक सांगतात. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते अमेरिकेतल्या लोकांच्या मदतीवर, आणि ती मदत दहा वर्षांसाठी ठरलेली होती. दहा वर्षं संपल्यावर काय, हा प्रश्न बाईंनी मुदत संपायची वाट न बघता हाती घेतला. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, म्हणजे पुढे उत्पन्न येईल. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली, विधवा आणल्या, तेव्हा त्यांना ठेवायला ती केडगावची जमीन होती. तिथंच मुक्ती मिशन उभं राहिलं. देवानं पुरवलं हे खरंच, पण पुरवायला त्यानं बाईंच्या हिशेबाची वहीसुद्धा वापरली. तू दशांश बाजूला काढतेस, छानच. त्याच दिवशी तुझ्या स्वतःच्या नावानं थोडं रिकरिंगमध्येही टाकत जा, आणि घराचे कागद, विमा, बँकेतलं नामांकन कुठं काय आहे हे नवऱ्याइतकंच तुलाही माहीत असू दे.

आणि एक, हे जपून ठेव. मन खचलेलं असताना मोठा निर्णय फिरवू नकोस. हे कॅथलिक मंडळींच्या संत इग्नेशियस लोयोलांकडून घ्यावं. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, महिनोन् महिने ते अंथरुणाला खिळले, आणि तिथं पडल्या पडल्या त्यांनी स्वतःच्या मनाची ये-जा नीट न्याहाळली. लढाईच्या, मोठेपणाच्या कल्पना रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांच्या चरित्रांचा विचार केला की समाधान मागेही टिकायचं. त्यातून त्यांनी पुढे जे नियम लिहिले त्यातला एक असा, की मनावर अंधार दाटलेला असताना आधी शांत मनानं घेतलेला निर्णय बदलू नये.

तू आत्ता लहान बाळाची आई आहेस, किंवा उद्या होशील. रात्रीची जागरणं, दूध, ऑफिसचे फोन. अशात एखाद्या पहाटे वाटतं की नोकरी सोडावी, क्वायर सोडावा, माहेरी निघून जावं, आपलं सगळंच चुकलं. म्हणून मन ठिकाणावर असेल त्या दिवशी एका वहीत लिहून ठेव, मी हे का स्वीकारलं होतं. दोन ओळी पुरेत, तारीख मात्र घाल. आणि अंधार आठवड्यामागून आठवडे हटला नाही, जेवण जाईना, बाळ झोपलं तरी तुला झोप येईना, तर डॉक्टरकडे जायचं. प्रार्थना कमी पडली म्हणून असं होतं असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. पौलाच्या सोबतीला लूक होता, आणि तो वैद्य होता. बाळंतपणानंतर असं खूप जणींना होतं, त्यावर औषध आहे, उपचार आहेत. दवाखान्यात एकटी जाऊ नकोस. मला आदल्या रात्री फोन कर, बाळाला मी सांभाळते.